फोन हातात, नजर पोरांकडे

संध्याकाळची वेळ आहे, कुणाची भाकरी तव्यावर असेल, कुणाची धार काढायची राहिली असेल. हातातलं काम चालू राहू द्या, फक्त कान इकडे असू द्या. आज मी बचतीबद्दल किंवा कर्जाच्या हप्त्याबद्दल बोलणार नाही. म्हणजे हप्ता येईल मध्ये, पण गोष्ट शाळेची आहे.

आमच्या एका गटातल्या ताईंची सून शिक्षिकेचं शिक्षण घेते आहे. पूर्वी आपण डी.एड. म्हणायचो, आता त्याला डी.एल.एड. म्हणतात. बारावीनंतर दोन वर्षांचा कोर्स. त्यात नुसतं पुस्तक वाचायचं नसतं, खऱ्या शाळेत जाऊन खऱ्या पोरांपुढे पाठ घ्यावे लागतात. तिची गोष्ट सांगायला मी तिला विचारलं. ती म्हणाली, "सांगा ताई, पण नाव घेऊ नका." म्हणून आपण तिला सूनबाईच म्हणू. गटात सगळ्या तिला तेच म्हणतात.

आमचा जिल्हा बीड. इथं दिवाळी झाली की गावं निम्मी रिकामी होतात, ऊस तोडायला जातात. ज्यांच्या भागात ऊसतोड नाही त्यांच्यासाठी सांगते. मुकादम नवराबायकोच्या जोडीला आगाऊ पैसे देतो, त्याला उचल म्हणतात. ती जोडी म्हणजे एक कोयता. एकटा गडी गेला तर तो अर्धा कोयता, त्याची उचलही तशीच. आता विचार करा, सून शिकायला बसली की त्या घराचा कोयता अर्धा झाला. वर कॉलेजची फी आणि एस.टी.चा पास. त्या घरानं हे सगळं सोसून तिला शिकायला पाठवलं.

पोळ्यानंतरच्या मासिक बैठकीत तिच्या सासूबाईंनी कर्ज मागितलं. दहा हजार. कशाला? तर सुनेच्या फोनला. जुन्या फोनची काच फुटलेली आणि मेमरी भरलेली. कॉलेजच्या सूचना, पाठाचं साहित्य, सगळं फोनवर येत होतं. पाठ घेताना ऑनलाइन साधनं वापरून दाखवा, असंही सांगितलं होतं.

बैठकीत शांतता झाली. मग आमच्या कोषाध्यक्ष बाई म्हणाल्या, "शेळीला कर्ज दिलं तर पिल्लं होतात. फोनला काय होणार?"

सगळ्या हसल्या. सासूबाई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "शेळीला पिल्लं होतात, खरं हाय. पण माझ्या घरात तीन पिढ्या कोयत्यालाच कोयते झाले. आता एकदा दुसरं काही होऊ द्या."

खरं सांगते मैत्रिणींनो, मीसुद्धा मनातून नाराज होते. समन्वयक म्हणून मला बँकेला तोंड द्यावं लागतं. अंतर्गत कर्ज धंद्याला गेलेलं दिसलं की बरं वाटतं. फोनचं कर्ज बघून बँकेचे साहेब काय म्हणतील, हीच मला काळजी. मला मताचा अधिकार नव्हता, पण मी तोंड वाकडं केलंच. अकरा जणींपैकी सात जणींनी हात वर केले. कर्ज मंजूर झालं. शेकडा एक रुपया व्याज, दहा हप्ते.

फोन आला. आणि पहिल्याच पाठाला फजिती झाली.

शाळा दोन शिक्षकांची. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत बसतात, सव्वीस पोरं. पाठ होता दिवस आणि रात्र कशी होते याचा. सूनबाईनं रात्री जागून एक छान व्हिडिओ शोधला होता. सकाळी वर्गात तिनं तो लावला आणि फोनवर नुसतं गोल गोल फिरायला लागलं. रेंज नाही. पत्र्याच्या खोलीत एकच काडी, तीही येते नि जाते. पोरं पुढं सरकली, मागची पुढच्यांच्या अंगावर पडली. एवढ्याशा काचेत सव्वीस डोकी काय बघणार? व्हिडिओ लागला तेवढ्यात घरून फोन आला, मोठ्यानं गाणं वाजलं, वर्ग हसायला लागला. पस्तीस मिनिटं संपली. पाठ बघायला आलेल्या सरांनी वहीत शेरा लिहिला, "साधन वापरले. पाठ झाला नाही."

त्या रात्री ती जेवली नाही. नवरा कारखान्याच्या फडात, सासूबाई गप्प. दुसऱ्या दिवशी सासूबाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "ताई, फोन परत घेत्यात का हो दुकानात?"

मैत्रिणींनो, तिथं मला माझाच काळ आठवला. मी बी.ए. झालेली बाई. पण गटाचे हिशोब फोनवरच्या ॲपमध्ये भरायचे असं आलं, तेव्हा मी दोन महिने माझ्या भाच्याकडून माहिती भरून घेतली. येत नाही असं कुणाला सांगितलं नाही. लाज वाटायची. एकदा त्यानं एका सभासदाची परतफेड दुसरीच्या नावावर टाकली आणि बैठकीत भांडण लागलं. तेव्हा कुठं मी स्वतः शिकले. आपल्याला काम अवघड जातं, त्याहून जास्त अवघड जातं विचारणं.

म्हणून मी सासूबाईंना म्हणाले, "परवा बैठक आहे. तिला म्हणावं तोच पाठ आमच्यापुढे घे. आम्ही होतो तिसरी-चौथीची पोरं."

ती आली. पदराआड फोन धरून, घाबरलेली. आम्ही अकरा जणी ओसरीवर मांडी घालून बसलो. तिनं व्हिडिओ लावला, बोलायला लागली. पाच मिनिटांनी आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर आक्का, ज्या सहीला अंगठा देतात, त्या म्हणाल्या, "थांब गं पोरी. तू फोनकडं बघतीयास. आमच्याकडं कवा बघणार?"

सूनबाई गप्प झाली. मग म्हणाली, "आक्का, बघायला गेले तर फोन बंद पडेल अशी भीती वाटते."

मग एकेक जण सांगायला लागली. एक म्हणाली, मला मागून दिसंना. दुसरी म्हणाली, व्हिडिओतली बाई फार भरभर बोलते आणि शहरी बोलते. तिसरी म्हणाली, पृथ्वी फिरते तर आपण पडत का नाही, ते आधी सांग. कोषाध्यक्ष बाई म्हणाल्या, "ह्या फोनला बॅटरी हाय ना? मग ती लाव. तो सूर्य. आन् आक्काला मधी उभी कर. ती पृथ्वी."

दार लावून अंधार केला. फोनचा उजेड आक्कांच्या तोंडावर पाडला. आक्का स्वतःभोवती सावकाश डाव्या हाताला वळल्या, कारण पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. तोंडावर उजेड, म्हणजे बीडमध्ये दिवस. पाठीवर अंधार, म्हणजे तिकडे अमेरिकेत रात्र. आक्का वळल्या की इकडे रात्र, तिकडे दिवस. सूर्य जागचा हलला नाही, तरी उगवला आणि मावळला. आक्का म्हणाल्या, "सत्तर वर्षं मी त्यालाच फिरवत होते." सगळ्या पोट धरून हसल्या. पण कळलं सगळ्यांना.

त्यानंतर सूनबाईनं तोच व्हिडिओ परत दाखवला, दोनच मिनिटं. आणि तेव्हा तो आम्हाला खरंच दिसला. आधी अंगानं समजलं होतं, मग डोळ्यांना पटलं. पृथ्वीचा गोळा आकाशातून कसा दिसतो हे आक्का काही दाखवू शकत नाहीत, तिथं व्हिडिओच पाहिजे. आणि वळल्यावर पाठीला अंधार कसा लागतो हे व्हिडिओ दाखवू शकत नाही, तिथं आक्काच पाहिजेत.

त्या दिवसापासून आमच्या बैठकीची शेवटची वीस मिनिटं सूनबाईची झाली. पाच बैठकांत ती काय शिकली, ते तिनं माझ्या वहीत लिहून दिलंय. तुमच्याही घरात कुणी शिकत असेल, शिकवत असेल, किंवा तुम्ही गटाला काही दाखवत असाल, तर उपयोगी पडेल.

पहिलं. वर्गात रेंजवर विसंबायचं नाही. जे दाखवायचं ते आदल्या दिवशी फोनमध्ये उतरवून ठेवायचं. सरकारचं दीक्षा नावाचं ॲप आहे, २०१७ सालापासून चालू आहे. बालभारतीच्या पुस्तकात काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो, त्याला क्यूआर कोड म्हणतात. दीक्षातून त्या चौकोनावर कॅमेरा धरला की त्या धड्याचं साहित्य उघडतं. ते उतरवून ठेवता येतं, मग नेट नसलं तरी चालतं. पुस्तकंसुद्धा ई-बालभारतीवर फुकट उतरवता येतात.

दुसरं. वर्गात शिरताना फोन विमानाच्या खुणेवर टाकायचा. म्हणजे मध्येच कुणाचा फोन येणार नाही.

तिसरं. लहान काच सगळ्या वर्गाला दाखवायची नाही. शाळेत टी.व्ही. असेल तर त्याला जोडायचा. आमच्या शाळेला गावानं वर्गणी करून टी.व्ही. दिला होता, तो कपाटात बंद होता. सूनबाईनं मुख्याध्यापकांना विचारलं, त्यांनी लगेच काढून दिला. टी.व्ही. नसेल तर पाच-पाच पोरांचे गट करायचे. एक गट फोनवर बघतो, बाकीचे दुसरं काम करतात.

चौथं. व्हिडिओ दोन-तीन मिनिटांच्या वर सलग चालवायचा नाही. थांबवायचा आणि विचारायचं, "आता पुढं काय होईल?" पोरांनी उत्तर दिलं की मग पुढं न्यायचा.

पाचवं. वीज गेली, फोन बंद पडला, तर पाठ कसा घ्यायचा हे पाठाच्या टाचणात आधीच लिहून ठेवायचं. खडू, फळा, चेंडू आणि आक्का, ह्यांना चार्जिंग लागत नाही.

पुढच्या पाठाला सर परत आले. शेरा काय लिहिला ते सूनबाईनं सांगितलं नाही. पण त्या दिवशी एका पोरानं शाळेच्या दारातून हाक मारली, "बाई, उद्या येणार ना?" आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी बाई म्हणालं. तेवढं सांगताना ती लाजली.

इथंच गोष्ट संपली असती तर मी हे भाषण केलं नसतं. खरी अडचण पुढं आली.

सूनबाईला हुरूप आला. तिनं पालकांचा व्हॉट्सॲप गट केला, त्यावर रोज गृहपाठ टाकायला लागली. गूगलच्या फॉर्मवर छोटी चाचणीही केली. उत्तरं आपोआप तपासली जातात, गुण लगेच दिसतात. तिला फार आवडलं ते. पण सव्वीस पोरांपैकी नऊच जणांची उत्तरं यायची. रोज तीच नऊ. बाकीच्यांपुढे शून्य.

त्या शून्यवाल्यांत चौथीतली एक मुलगी होती. वर्गात सगळ्यात आधी हात वर करणारी. आईबाप ऊसतोडीला गेलेले, ती आजीजवळ. आजीकडे साधा, बटणाचा फोन. त्यावर व्हॉट्सॲप कुठलं? सूनबाईनं तिला विचारलं, "गृहपाठ का करत नाहीस?" पोरगी म्हणाली, "बाई, तुम्ही दिलाच नाही."

सूनबाई मला म्हणाली, "ताई, मी तिच्या तोंडावर दार लावलं आणि मला कळलंसुद्धा नाही. मीही तिच्या वयाची असताना फडातच होते."

मैत्रिणींनो, २०२० साल आठवा. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. सरकारनं "शाळा बंद, पण शिक्षण सुरू" असं म्हटलं, शिक्षकांनी धडपडही केली. पण घरात एक फोन आणि तीन पोरं, तर फोन कुणाला मिळाला? बहुतेक घरांत मुलाला. मुलीला म्हणालो, भांडी घास, मग बघू. मीही माझ्या घरात तेच केलंय, म्हणून बोलायचा हक्क आहे मला. फोन गावात आला म्हणजे शिक्षण पोरीपर्यंत पोचलं असं होत नाही. मध्ये उंबरा असतो, आणि त्या उंबऱ्यावर आपणच बसलेल्या असतो.

आता सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले गुरुजी. २०२० साली त्यांना जगातला मोठा शिक्षक पुरस्कार मिळाला, दहा लाख डॉलरचा. त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून दिली. आपण पुरस्काराची बातमी लक्षात ठेवली. पण ते गुरुजी तेव्हा जिल्हा परिषदेच्या छोट्या शाळेत होते. पुस्तकावर क्यूआर कोड चिकटवून त्यांनी धडे, कविता, गोष्टी आपल्या पोरांपर्यंत पोचवल्या. कौतुक त्या कोडपेक्षा पोचवण्याचं आहे.

मग आम्ही काय केलं ते सांगते. बैठकीत सूनबाईनं अडचण मांडली. कोषाध्यक्ष बाई, त्याच शेळीवाल्या, म्हणाल्या, "माझा फोन संध्याकाळी रिकामाच असतो. पाठव पोरं माझ्या ओट्यावर." असं करत चार आळ्यांत चार ओटे ठरले. सोमवार आणि गुरुवार, संध्याकाळी सात ते साडेसात. ज्या घरी फोन नाही ती पोरं जवळच्या ओट्यावर येतात. गटातली बाई फोन घेऊन समोर बसते, पोरांच्या हातात सोडून देत नाही. अर्ध्या तासात गृहपाठ उतरवून घेतात, व्हिडिओ असला तर बघतात.

ज्या पोरांना ओट्यावरही येता येत नाही, त्यांच्या आजीच्या बटणाच्या फोनवर सूनबाई आठवड्यातून एकदा साधा फोन लावते. एका वेळी तीन-चार घरांना जोडून घेते आणि पाढे म्हणून घेते, गोष्ट वाचून दाखवते. त्याला नेट लागत नाही. चाचणी आता कागदावर होते आणि गुण ती स्वतः भरते. वेळ जास्त लागतो, पण शून्याच्या रांगेत कुणी नाही.

आणि त्या चौथीतल्या मुलीचं. सूनबाईनं आजीला विचारून, पोरीला विचारून तिचा धडा वाचतानाचा आवाज फोनमध्ये भरला आणि फडातल्या तिच्या वडिलांच्या फोनवर पाठवला. रात्री कोपीत तिच्या आईनं तो ऐकला. दुसऱ्या दिवशी उलटा आवाज आला. आई म्हणत होती, "दोनदा अडखळलीस. परत वाच." त्या माउलीला स्वतःला वाचता येत नाही. पण पोरगी कुठं अडखळली ते तिला बरोबर कळलं. आता दर शनिवारी पोरगी आईसाठी वाचते.

आता तुमच्या गटासाठी तीन कामं सांगते. लिहून घ्या, नाहीतर शेजारणीला लक्षात ठेवायला सांगा.

एक, पुढच्या बैठकीत मोजा. आपल्या गावात शाळेत जाणाऱ्या किती पोरांच्या घरी संध्याकाळी फोन असतो आणि तो मुलीच्या हाती पडतो का. यादी करा आणि शाळेतल्या बाईंना किंवा गुरुजींना द्या. त्यांना ती फार कामाला येते.

दोन, गावात कुणी शिक्षिका व्हायला शिकत असेल तर तिला बैठकीत बोलवा. तिला तुमच्यापुढे चुकू द्या. आपल्यापुढे चुकली तर पोरांपुढे कमी चुकेल. आणि कळलं नाही तर कळलं नाही म्हणा. मान डोलावून तिचं नुकसान करू नका.

तीन, सावध राहा. पोरांचे फोटो, व्हिडिओ आईबापाला विचारल्याशिवाय कुठल्याही गटावर टाकायचे नाहीत, कुणाला टाकू द्यायचे नाहीत. अभ्यासाच्या नावाखाली आलेली लिंक उघडण्याआधी शिक्षकांना विचारा. आणि फोनवर आलेला ओटीपी कुणालाही सांगायचा नाही. पोराला नाही, पाहुण्याला नाही, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही.

शेवटी हिशोब सांगते, कारण मी गटाची बाई आहे. फोनच्या कर्जाचे सात हप्ते फिटले आहेत, तीन राहिलेत. एक हप्ता उशिरा आला, त्याचा दंड सासूबाईंनी स्वतः भरला. सूनबाईचं अजून एक वर्ष बाकी आहे. मग टीईटी, मग भरतीची वाट. नोकरी लागेलच असं मी सांगू शकत नाही, तिलाही ते माहीत आहे. या दिवाळीनंतरही त्या घरातून अर्धाच कोयता जाणार आहे. पण परवा सासूबाई बैठकीत आल्या आणि त्यांनी सुनेचा फोन माझ्यापुढे धरला. म्हणाल्या, "ताई, ह्यात आवाज कसा भरत्यात ते मला शिकवा. पोराला फडात पाठवायचाय."

मी शिकवलं. तीनदा चुकल्या, चौथ्यांदा जमलं.

बरं मैत्रिणींनो, भाकरी करपली नसेल अशी आशा करते. पुढच्या बैठकीत यादी करायला विसरू नका. नमस्कार.